पाचखिंडीची तिसरी फेरी

"आता दाबा," मी म्हणाले.

इनूसभाईंनी रेस दाबली. पाचखिंडीच्या घाटातलं तिसरं वळण मागे पडलं होतं आणि समोर खिंडीपर्यंत चार किलोमीटरचा सलग चढ होता. रुग्णवाहिका तिसऱ्या गियरमध्ये, काटा चाळीसवर. तो पंचेचाळीसला गेला, पन्नासला गेला, आणि गाडी काही न कुरकुरता खिंडीपर्यंत चढून आली. इनूसभाईंनी ती रस्त्याच्या कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. बंपरला बांधलेला झेंडूचा हार वाळून काळपट झाला होता. दसरा होऊन दहा दिवस झाले होते.

"त्या दिवशी इथंच झालं?"

"वळण सुटल्यावर, त्या पांढऱ्या दगडापाशी. दाबलं की पुढं जायच्याऐवजी कुणी मागनं धरल्यागत. पाय उचलला की परत नीट. परत दाबलं, परत तेच. शेवटी दुसऱ्यात टाकून रांगत आणली."

"मग आज का नाही झालं?"

"ते कळत असतं, मंदाताई, तर मी ड्रायव्हर कशाला झालो असतो? तुमच्या आप्पांच्या शेजारी गॅरेज टाकलं असतं."

एरवी मी हसले असते. घड्याळात साडेदहा वाजले होते आणि पाच वाजता ट्रस्टची मीटिंग होती.

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, गॅरेजमध्ये काम करत होते. आम्ही जातीने लोहार. आजोबांनी नांगराचे फाळ केले, आप्पा इंजिनाकडे वळले. गावातल्या रखमाबाई रुग्णालयाची एकुलती एक रुग्णवाहिका आमच्याकडेच दुरुस्तीला यायची आणि इनूस मुल्ला सतरा वर्षं ती चालवत होते.

त्या आठवड्यात मंगळवारी दुपारी दगडखाणीवरच्या महादू सपकाळच्या छातीत कळ आली. वय एकेचाळीस. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासून त्याला ताबडतोब साताऱ्याला न्यायला सांगितलं. घाट चढायला एरवी बारा मिनिटं लागतात, त्या दिवशी चौतीस लागली. साताऱ्याच्या हॉस्पिटलच्या फाटकातून गाडी आत गेली तेव्हा महादू गेलेला होता. तिथल्या डॉक्टरांनी एवढंच म्हटलं, की वीस मिनिटं आधी आला असता तर काही करता आलं असतं.

महादूचा धाकटा भाऊ गोरख गाडीत होता. महादूच्या बायकोच्या माहेरचे लोक, खाणीवरचे सोबती, सगळ्यांना त्याने एकच सांगितलं: "मी डोळ्यांनी बघितलं. घाटात हा माणूस मुद्दाम पाय उचलत होता."

ट्रस्टचे सेक्रेटरी हिरवे साहेब शुक्रवारी सकाळी आठ वाजता स्वतः गॅरेजवर आले. बसले नाहीत.

"गाडीत दोष असेल तर तसं लिहून द्या. नसेल तर नाही म्हणून लिहून द्या. पाचला मीटिंग आहे. दोष नसेल तर इनूसला आजच काढतो, आणि सपकाळांच्या पोलीस तक्रारीवर आमचीही सही जाईल. मधलं काही लिहू नका."

ते गेल्यावर आप्पा बराच वेळ हात पुसत बसले. हात स्वच्छच होते.

"इनूस खोटं बोलणारा माणूस नव्हे," ते म्हणाले. "आणि लोखंड तर खोटं बोलतच नाही. दोघांतलं कोण चुकतंय ते बघ जा. माझा गुडघा घाटात चालायचा नाही."

घाटात जाण्याआधी मी गाडी तपासली होती. डिझेल फिल्टर स्वच्छ, टाकीत पाणी नाही, हवेचा फिल्टर महिन्यापूर्वीचा. टर्बोकडून इंजिनाकडे दाबाची हवा नेणारा जाड रबरी पाइप जागेवर होता. पाइपाच्या तोंडावर पत्र्याची पट्टी आवळलेली असते, तिला आम्ही क्लिप म्हणतो. ती नवी होती, चकाकत होती. मीच बसवलेली. तिच्यावरून बोट फिरवलं आणि पुढे गेले.

दुसरी फेरी मी स्वतः चालवली. खिंडीत पोचल्यावर घड्याळ बघितलं: अकरा मिनिटं. त्या गाडीने मला एवढ्या कमी वेळात कधीच घाट चढवला नव्हता.

इनूसभाई शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. गुडघ्यावर ठेवलेला हात स्थिर होता, पण अंगठा तर्जनीवर सारखा घासत होता.

"ताई, तुम्हाला पण वाटायला लागलं ना?"

"काय?"

"की मीच पाय उचलला."

"तुम्ही उचलला होता. तुम्हीच सांगितलंत."

"उचलला, पण—"

"का उचलला ते बघायला आलोय आपण. त्या दिवशी गाडीत किती जण होते?"

त्यांनी बोटांवर मोजले. "महादू, गोरख, खाणीवरचे चौघं, नर्सबाई, मी. आणि ऑक्सिजनच्या दोन टाक्या. मी म्हणत होतो दोघंच बसा. ऐकतंय कोण."

आज गाडीत आम्ही दोघं होतो. सकाळपासून मी रिकामी गाडी घाटात पळवत होते आणि तिला काही होत नाही म्हणत होते.

वजन हवं होतं, आणि घाटाखाली वजन मिळण्याची जागा एकच होती. खाण.

गाडी खाणीच्या फाटकात शिरली तेव्हा यंत्रं बंद झाली. जेवणाची सुट्टी नव्हती, लोकांनी बंद केली. गोरख पुढे आला. तिशीतला, डोकं नुकतंच भादरलेलं, पापण्यांवरसुद्धा दगडाची भुकटी.

"ह्याला इथं कशाला आणलं?"

"मला रेतीची सात पोती पाहिजेत," मी म्हणाले. "मंगळवारी गाडीत जेवढं वजन होतं तेवढं. संध्याकाळी परत आणून देते."

"कशाला?"

"तुम्ही सांगताय ते खरं का हे सांगतायत ते खरं, ते बघायला."

त्याने मागे वळून दोघांना खूण केली. पोती आली. गोरखने शेवटचं पोतं स्वतः उचलून आत टाकलं, आणि स्वतःही आत चढून बाकावर बसला.

"मी इथंच बसलो होतो. आजबी इथंच बसणार."

ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन इनूसभाईंनी किल्ली माझ्या हातात दिली. त्यांनी चालवली असती तर गोरखने त्यांच्या पायाकडेच बघितलं असतं, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

निघण्यापूर्वी मी बॉनेट उघडलं. सीटखाली आदल्या दिवशीचा पेपर होता. त्याच्या चार बोटं रुंद पट्ट्या फाडल्या, हवेच्या पाइपाच्या प्रत्येक जोडावर एकेक गुंडाळली आणि दोऱ्याने बांधली. हे आप्पांनी शिकवलेलं. हवा जिथून निसटते तिथला कागद फाटतो. कानाला ऐकू येत नाही ते कागदाला कळतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही घाटाला लागलो. पहिलं वळण, दुसरं वळण. गाडी जड होती, पण चालत होती. मागे पोती एकमेकांना घासत होती. तिसरं वळण सुटलं. मी तिसरा गियर टाकला आणि पाय तळापर्यंत नेला.

काटा बेचाळीसवर गेला आणि पांढऱ्या दगडाच्या अलीकडे गाडीने दम सोडला.

आवाज एवढासाच आला, कुणीतरी दातांतून श्वास सोडावा तसा. पेडल तळाला टेकलेलं, आणि काटा खाली येत होता. चाळीस. छत्तीस. एकतीस. आरशात मागचा रस्ता दिसेना, काळा धूर दाटला होता. मागून ट्रकचा हॉर्न. मी काही विचार केला नाही. पाय उचलला. गाडी झटका देऊन सावरली. पुन्हा दाबला, पुन्हा श्वास सुटला. पुन्हा उचलला.

"पाय का उचलला?" गोरखने मागून विचारलं. दोन्ही सीटांच्या मधल्या खिडकीत त्याचं तोंड होतं.

"दाबून धरला तर जागेवर बसेल ती. उचलल्यावरच जरा ओढतेय."

मी दुसऱ्या गियरवर आले. उरलेला चढ आम्ही उचलत-दाबत, रांगत चढलो. खिडकीतलं तोंड कधी मागे गेलं ते मला कळलं नाही. खिंडीत पोचल्यावर मागचं दार उघडल्याचा आवाज आला. गोरख उतरून रस्त्याच्या पलीकडे गेला आणि कठड्यावर पाठमोरा बसला.

मी बॉनेट उघडलं.

पाच पट्ट्या जशाच्या तशा होत्या. सहावी मधोमध फाटून तिची दोन टोकं लोंबत होती, आणि कागदावर तेलाचे बारीक थेंब उडाले होते. टर्बोच्या जाड पाइपाचं वरचं टोक. नवी क्लिप बसवलेलं.

इंजिनाच्या धगीने हात भाजत होता, तरी मी बोट लावलं. क्लिपचा स्क्रू नखाने फिरला. नखाने. रेस हळू असली की पाइप आपल्या जागेवर बसून राहायचा. वजन घेऊन जोरात दाबलं की आतल्या हवेचा दाब वाढून पाइप उचलला जायचा, हवा बाहेर, जोर गेला. पाय काढला की पुन्हा बसला. गाडी उभी करून कुणीही तपासलं तरी सगळं ठीक दिसलं असतं. सकाळी मला दिसलं होतंच.

मी रुमालाने स्क्रूचं डोकं पुसलं. स्क्रू ड्रायव्हरने आवळलेल्या स्क्रूची खाच तळापर्यंत ओरबाडली जाते. या खाचेच्या तळाचा पिवळा मुलामा शाबूत होता. फक्त वरच्या कडा घासलेल्या होत्या. स्क्रू ड्रायव्हर या स्क्रूला कधी लागलाच नव्हता.

मग मला खंडेनवमी आठवली.

आमच्या घरात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. धुतलेल्या पोत्यावर आजोबांची ऐरण, घण, सगळे पाने, पक्कडी, स्क्रू ड्रायव्हर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उचलेपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. बाकी काही पाळलं न पाळलं तरी आप्पा हे पाळायचे. त्या वर्षी ते पालीला खंडोबाला गेले होते, आणि पूजा मी मांडली होती.

दहाच्या सुमाराला इनूसभाई गाडी घेऊन आले. पाइपाची जुनी क्लिप तुटली होती. नवी माझ्या डब्यात होती. स्क्रू ड्रायव्हर पूजेत, अगदी कडेला, झेंडूच्या दोन फुलांखाली. मी हात पुढे केला.

"राहू द्या ताई," इनूसभाई म्हणाले होते. "पूजा मोडू नका." त्यांनी शर्टाच्या खिशातून चार आण्याचं नाणं काढून दिलं. "ह्यानं होतंय का बघा."

झालं. नाण्याने जेवढं आवळलं जातं तेवढं आवळलं. "उद्या पूजा उचलली की पक्कं करू, गाडी आणा," मी म्हणाले. "आणतो," ते म्हणाले. आणि आणली. दसऱ्याला सकाळी मी रुग्णवाहिकेच्या बंपरला हार बांधला, इनूसभाईंना आपट्याचं पान दिलं, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. क्लिप दोघांच्याही लक्षात नव्हती. पूजेतून उचललेला स्क्रू ड्रायव्हर त्या वेळी माझ्यापासून तीन हातांवर होता.

मी बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. इनूसभाई दोन पावलांवर उभे होते. ते इंजिनाकडे बघत नव्हते. दरीकडे बघत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले.

"परवा आठवलं."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू?" त्यांनी गोरखच्या पाठीकडे बघून आवाज उतरवला. "पूजेपायी गाडी बंद पडली, असं बोलू? मी? माझ्या तोंडनं ते कसं दिसलं असतं, ताई? आणि खात्री तरी कुठं होती. म्हटलं, तुम्ही बघताय. सापडायचं असेल तर सापडेल."

"आणि नसतं सापडलं?"

खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून मी क्लिप आवळली. स्क्रू पुरे चार फेरे फिरला.

"असं लिवा," इनूसभाई म्हणाले. "हादऱ्यानं क्लिप सैल झाली. होतंच की तसं. खोटं पण नाही ते."

"रोज सकाळच्या तपासणीच्या वहीत सही कुणाची असते?"

"माझी."

"पाइप, पट्टे, क्लिपा बघितल्या, असं छापलेलं आहे त्यात. क्लिप आपोआप सैल झाली असेल, तर बघायचं काम तुमचं होतं. हिरवे साहेब पहिली वही उघडतील."

इनूसभाईंनी मान हलवली. दोष आपल्यावर येणार हे त्यांनी धरलेलंच होतं, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

"नाणं माझंच होतं," ते म्हणाले.

"आवळली मी."

गोरखला खाणीवर सोडलं, पोती उतरवली. त्याने काय सापडलं ते विचारलं नाही. "पाचला येतो," एवढंच म्हणाला.

गॅरेजवर आप्पा वाट बघत होते. मी सगळं सांगितलं, नाण्यापर्यंत. चौकटीवरचं दसऱ्याचं तोरण वाऱ्याने खडखडत होतं. ट्रस्टचं काम म्हणजे गॅरेजचं अर्धं काम होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"मी घरात असतो तर मीसुद्धा तुला हात लावू दिला नसता," आप्पा म्हणाले. मग म्हणाले, "गॅरेज माझ्या नावावर आहे. माझ्या नावानं लिही."

"तुम्ही पालीला होता."

"ते कुणाला ठाऊक आहे?"

"मला."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सही नीट कर," म्हणाले. "वाचता येईल अशी."

ट्रस्टच्या ऑफिसात हिरवे साहेब, दोन विश्वस्त, भिंतीला टेकून गोरख, दाराशी इनूसभाई. आप्पा गुडघा धरून जिना चढून आले होते. मी उभं राहून वाचलं. पाच वाक्यं होती. दोष कुठे आहे, केव्हा दिसतो, का दिसतो. खंडेनवमीला क्लिप बसवताना मी ती स्क्रू ड्रायव्हरऐवजी नाण्याने आवळली व नंतर पक्की करायला विसरले. घाटात पाय उचलण्यावाचून ड्रायव्हरला दुसरा उपाय नव्हता.

हिरवे साहेबांनी कागद घेतला. दोनदा वाचला.

"ते नाण्याचं वाक्य काढलंत तरी चालेल. दोष सापडला, विषय मिटला."

"मधलं काही लिहू नका म्हणाला होता तुम्ही."

"लोहारबाई, हे असं दप्तरी लागलं तर आमची गाडी तुमच्याकडं येणार नाही. सपकाळांनी तुमच्यावर तक्रार केली तर आम्ही आड येणार नाही."

"बरं."

गोरख भिंतीपासून पुढे आला. टेबलाशी नाही, माझ्यासमोर. पापण्यांवरची भुकटी त्याने धुतली होती, त्यामुळे तो सकाळपेक्षा लहान दिसत होता.

"एकच विचारतो. त्या दिवशी पूजेतलं एक हत्यार उचललं असतं, तर काय झालं असतं?"

आप्पांकडे मी बघितलं नाही.

"काही नाही," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी नव्हे, नुसती. मग हिरवे साहेबांकडे वळून म्हणाला, "ह्या ड्रायव्हरवर माझी तक्रार नाही." दाराशी इनूसभाईंजवळ तो थांबला. इनूसभाईंनी बाजूला होऊन त्याला वाट दिली.

माझ्यावर त्याने तक्रार केली नाही. का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्याच्यासमोर उभी राहण्याची वेळ पुन्हा आली नाही, आणि मी ती आणलीही नाही.

रुग्णवाहिका दुसऱ्या गॅरेजला जाऊ लागली. ती चालवत मात्र इनूसभाईच होते, निवृत्त होईपर्यंत. आमच्या दारावरून जाताना ते एकदा हॉर्न द्यायचे.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला आप्पांनी स्वतः पूजा मांडली. पोतं अंथरलं, ऐरण ठेवली, घण ठेवला, पाने लहानमोठे लावले. मी कुंकवाची वाटी घेऊन शेजारी बसले होते. स्क्रू ड्रायव्हर हातात आल्यावर ते थांबले. तो त्यांनी पोत्यावर ठेवला नाही. कुंकूही लावलं नाही. माझ्याकडे धरला.

"हा खिशात ठेव," म्हणाले. "आज गाडी आली तर?"